भीड आणि ब्रेक

सरोज पाटणकर कलकत्त्यात जन्मली, कलकत्त्यातच शिकली आणि भवानीपूरच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवू लागली. शाळेत मुली तिला दिदिमोनी म्हणत. घरी वडील सरू म्हणत. मराठी मंडळातल्या बायका, ती पाठमोरी झाली की, ड्रायव्हरीणबाई म्हणत. त्रेपन्न साली कलकत्त्यातल्या साऱ्या मराठी घरांत मिळून गाडी चालवणारी बाई एकच होती, आणि ती ही.

गाडी वडिलांची. शरच्चंद्र पाटणकर कॉलेजात गणित शिकवत. देश सोडून परत निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. छोटी, काळी, विलायती. घेतली खरी, पण सरांचा हात काही तिच्यावर बसेना. एकदा त्यांनी ती ट्रामच्या रुळांवर नेऊन बंद पाडली. मागे ट्रामांची रांग लागली, घंटा वाजू लागल्या. सर खाली उतरले, ट्रामच्या ड्रायव्हरची माफी मागून आले आणि घरी आल्यावर किल्ली मुलीच्या हातात दिली.

"तुझं तू बघ," म्हणाले.

तिनं बघितलं. शेजारच्या मुखर्जीबाबूंच्या ड्रायव्हरनं तिला पहाटे मैदानाच्या रस्त्यावर नेऊन शिकवलं, आणि ती अशी शिकली की पुढे मुखर्जीबाबू आपल्या ड्रायव्हरला तिचं उदाहरण देऊ लागले. रिक्षा, बैलगाड्या, ट्रामा, वाटेत बसलेल्या गाई, सगळ्यांतून ती गाडी काढायची. हॉर्न फारसा वाजवायची नाही.

सरांचा स्वभाव भिडस्त. भिडस्त हा शब्दही कमीच पडतो. भाजीवाल्यानं किडकं वांगं घातलं तर ते बघून न बघितल्यासारखं करत आणि कोपऱ्यावर आल्यावर गुपचूप टाकून देत. शिंप्यानं आखूड शिवलेली विजार त्यांनी फाटेपर्यंत वापरली, कारण त्याला वाईट वाटलं असतं. भीड भिकेची बहीण, असं सरोजची आई म्हणायची. आई गेली. मग घरात तसं म्हणणारं कोणी राहिलं नाही.

आणि मनोहरराव नाचणे हे सरांचं मोठंच भिडेचं ठिकाण होतं.

मनोहरराव लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपात कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. भवानीपुरात त्यांचं गॅरेज होतं. मंडळाच्या गणपतीचा मांडव ते बांधत, आरतीला सगळ्यांत वरचा सूर त्यांचा, नाटकात राजा तेच. पुण्यामुंबईहून बदलून आलेल्या कुठल्याही अधिकाऱ्याला मंडळात पहिल्याच दिवशी सांगण्यात येई, गाडी असेल तर मनोहररावांकडे द्या. आपला माणूस आहे.

त्या रस्त्यावर गॅरेजं आणखीही होती. तिथे एक रीत होती. गाडीचा मालक मिस्त्रीच्या शेजारी स्टूल टाकून बसे. चाक उघडताना बघे, नवा भाग डब्यातून काढताना बघे, आणि काम झालं की काढलेला जुना भाग वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेई. मुखर्जीबाबूंच्या जिन्याखाली असल्या गंजक्या वस्तूंचा ढीग होता. मिस्त्रीला त्यात अपमान वाटत नसे. उलट, जुना माल मागितला नाही तर तो मालकाला खुळा समजे.

मनोहररावांच्या गॅरेजात मात्र मराठी माणूस स्टुलावर बसत नसे. चहा घेई, मंडळाच्या गप्पा मारी आणि निघे. आपल्याच माणसाकडे जुना माल मागायचा म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखं.

त्या वर्षी श्रावणात गाडीचा ब्रेक खाली जाऊ लागला. पाय दिला की पहिल्यांदा पोकळ लागे, दुसऱ्यांदा दाबला की धरी. सरोजनं वडिलांना सांगितलं. मुखर्जीबाबूंच्या ड्रायव्हरला चालवायला घेऊन सर स्वतः गाडीबरोबर गॅरेजात गेले, कारण सरोजची शाळा होती. संध्याकाळी गाडी घरी आली.

"काय केलं त्यांनी?" सरोजनं विचारलं.

"केलं सगळं," सर म्हणाले, आणि पायरीवर बसून बूट काढू लागले.

"रबरं बदलली का आतली? जुनी कुठेयत?"

"अगं, मनोहररावांकडे काय मागायची जुनी?"

ब्रेक खरंच सुधारला होता. नुसता सुधारला नव्हता, पाय लावताच धरत होता. मग काही दिवसांनी तो जास्तच धरू लागला. पाय काढला तरी सुटेना. गाडी जड ओढल्यासारखी चाले आणि चाकांपाशी करपट वास येई. सरोज शाळेतून परस्पर गॅरेजात गेली.

मनोहरराव तेव्हा गणपतीच्या मखरासाठी बांबू मोजत होते. त्यांनी गाडीकडे लांबूनच पाहिलं.

"सरोजताई, तुम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच चालवता. वास येणारच."

"मी नाही ठेवत पाय."

"कळत नाही ते. बायकांची सवय असते, उगाच धरून ठेवायची. पाय हलका ठेवा." आणि शेजारच्या पोऱ्याला डोळा घालून म्हणाले, "चप्पल पातळ घाला."

"तुम्ही चाक उघडून बघा ना."

"गणपती होऊ द्या. मग हवं तर सबंध गाडी उघडू. सरांना सांगतो मी."

त्यांनी चाकापाशी बसून पाना फिरवला, काहीतरी सैल केलं आणि हात पुसले. सरोज परत निघाली. तिला राग आला होता, पण त्या रागात थोडा संशय स्वतःविषयीही होता. ती खरंच पाय ठेवते की काय? रस्ताभर ती आपल्या उजव्या पायाकडे लक्ष ठेवून होती. पुढे तिला सगळ्यात जास्त चीड याचीच आली, की त्या माणसानं तिला तिच्याच पायावर पहारा करायला लावलं.

गणपतीत खिदिरपूरला जायचं होतं. दत्तात्रय सबनीस, सरांचा जुना विद्यार्थी, तिथे गोदीवर कस्टममध्ये होता. त्याच्या घरी आरतीचं बोलावणं होतं. सर शेजारी बसले. मांडीवर मोदकांचा डबा. सर नेहमी गाडीत बोलत, पाट्या वाचत, मुलीला वाट चुकवत. त्या दिवशी गप्प होते. निघताना एवढंच म्हणाले, "ट्रामनं गेलो असतो तरी चाललं असतं." सरोज म्हणाली, "डबा घेऊन ट्रामला लोंबकळणार का?"

कलकत्त्याला चढउतार नाहीत. असलेच तर पुलांचे. खिदिरपूरच्या पुलाचा चढ गाडी चढली, माथ्यावर आली, उताराला लागली. पुढे हातगाड्या, बोजे, गोदीतून सुटलेली माणसं. सरोजनं पाय दिला. पाय फळीपर्यंत गेला. पुन्हा दिला. पुन्हा फळी. खाली काहीच नव्हतं.

तिनं गिअर खाली ओढला. हातब्रेक ओढला. गाडी कण्हली, मंदावली, पण थांबली नाही. समोर माणसांचा घोळका. डावीकडे कठड्याला लागून शहाळ्यांची हातगाडी. मालक तिच्यापासून दूर दिसला. सरोजनं चाक डावीकडे वळवलं.

मालक दूर नव्हता. हातगाडीच्या चाकाशी वाकून तो दगड लावत होता.

शहाळी सगळ्या उतारावर गडगडत गेली. मालक, रामधनी नावाचा बिहारातल्या छपऱ्याकडचा माणूस, हातगाडीच्या दांड्याखाली पाय अडकून पडला होता. ओरडत नव्हता. आपल्या पायाकडे बघत होता. गर्दी जमली. कोणीतरी बंगालीत म्हणालं, "मेये मानुष गाडी चालाय," आणि त्या चार शब्दांत सगळ्यांना सगळं समजलं. बाई गाडी चालवत होती. आणखी काय हवं?

सरोजनं दोन माणसांच्या मदतीनं रामधनीला टॅक्सीत घातलं, इस्पितळात पोचवलं आणि मग ठाण्यात आली. सरांना आधीच तिथे आणलं होतं. मोदकांचा डबा अजून मांडीवर.

फौजदार तरुण होता, विनोदी होता.

"मराठी? अरे बाप रे. तुमच्या लोकांच्या स्वाऱ्या अडवायला आमच्या पूर्वजांनी बागबाजारपासून खंदक खणायला घेतला होता. इकडे खिदिरपूरच्या बाजूला तेवढा राहून गेला."

त्यानं लिहायला घेतलं. सरोज म्हणाली, ब्रेक गेला. त्यानं मान हलवली, ही मान तो रोज हलवत असणार. मग सरांकडे वळून म्हणाला, "प्रोफेसरमोशाय, आपण शेजारीच होता. आपण सांगा."

सर खाली बघत म्हणाले, "मुलगी जरा घाबरली. पाय चुकला असेल."

सरोजला वाटलं, बाबा भेदरलेत. त्यांना गाडीतलं काय कळतं. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात तिला नंतर कितीतरी दिवस आठवत होता.

बेदरकारपणे गाडी चालवल्याचा खटला दाखल झाला. गाडी ठाण्यातच राहिली. सरकारी मोटार तपासनीस तपासायला आला तेव्हा सरोज हट्टानं तिथे उभी राहिली. त्यानं ब्रेकच्या तेलाचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"हे इंजिनाचं तेल आहे. ब्रेकचं नव्हे. कोणी घातलं?"

मग त्यानं चाक उघडलं. आतली रबरं त्या तेलानं फुगून मऊ झाली होती, भिजलेल्या पावासारखी. एक फाटलं होतं. रबरं जुनी होती. श्रावणाच्या आधीची.

सरोज तिथून सरळ मंडळात गेली. विसर्जन झालं होतं आणि हिशेबाची सभा चालली होती. चिटणीस श्यामसुंदर रेगे बोलत होते. मनोहररावांना मांडवाबद्दल मानाचा नारळ दिला जात होता. सर पुढच्या रांगेत बसले होते.

सरोज उभी राहिली. तिला जे म्हणायचं होतं ते फार होतं आणि ते सगळं एकदम आलं. राग आला की तिची मराठी तुटायची आणि बंगाली यायची. तीन वाक्यं झाली असतील. रेगे हात वर करून म्हणाले,

"सरोजबाई, आधी मराठीत बोला. हे मंडळ आहे."

मागे बायका हसल्या. सरोज थांबली. मग सावकाश, एकेक शब्द निवडून तिनं मराठीत सांगितलं, की मनोहररावांनी रबरं बदलली नाहीत, ब्रेकमध्ये इंजिनाचं तेल ओतलं, आणि तिनं विचारलं तेव्हा तिला चप्पल पातळ घालायला सांगितलं. एका माणसाचा पाय मोडला आहे. कोर्टात त्यांनी हे सांगावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

मनोहरराव चिडले नाहीत. हातातला नारळ त्यांनी टेबलावर ठेवला.

"तेल घातलं. नाही कुठे म्हणतो? ब्रेकचं विलायती तेल बाजारात नव्हतं, रबरं नव्हती. आणायला जायचं तर इकडे मांडव कोण घालणार? मी सरांना स्पष्ट सांगितलं होतं. म्हटलं, सर, तात्पुरतं घालतोय, फार चालवू नका. सर म्हणाले, असू दे. विचारा सरांना. समोर बसलेत."

सगळे सरांकडे बघू लागले. सर पायातल्या चपलांकडे बघत होते.

"झालं तर मग," रेगे म्हणाले. "घरातली गोष्ट घरात."

सरोजनं वडिलांना हाक मारली नाही. ती पायी घरी आली. सर तिच्या मागून, थोडं अंतर ठेवून, आले.

घरी तिनं चहा केला. दोन कप ओतले. मग म्हणाली,

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि माझ्या शेजारी बसलात."

"तू चांगली चालवतेस. वाटलं, निभेल."

"मला का नाही सांगितलं?"

"तू जाऊन भांडली असतीस. गणपतीचे दिवस. सगळा मांडव त्यांच्या जिवावर."

"मी गेले होते त्यांच्याकडे. वास येतो म्हणून. ते म्हणाले, बायकांची सवय. तेव्हाही तुम्ही गप्प?"

सरांनी कप फिरवला. प्यायले नाहीत.

"आणि ठाण्यात, बाबा? पाय चुकला म्हणालात."

"मनोहररावांचं गॅरेज बंद पडलं असतं, सरू. मुलंबाळं आहेत. तुला काय, दंड होईल, संपेल. तू शिकलेली आहेस. आपल्या माणसाला सांभाळून घ्यायचं असतं."

"मी कोणाचं माणूस?"

गणिताच्या या माणसाला इतकी साधी बेरीज अडली. सरोज उठून आत गेली. ती वाईट बोलली नाही, रडली नाही. वडील शेजारी बसून होते, मोदक सांभाळत, आणि त्यांना माहीत होतं. पुलाचा चढ चढताना माहीत होतं. एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. या माणसानं मरण पत्करलं असतं, मुलीचंही पत्करलं असतं, पण गॅरेजच्या दारात "हे नको" एवढं म्हणायला त्याची जीभ उचलली नसती.

ती इस्पितळात जात राहिली. रामधनी तिच्याशी गोड बोलत नसे. फळं नेली तर बाजूला ठेवी.

"दिदी, फळं मीच विकतो," तो एकदा हिंदीत म्हणाला. "मला एवढंच सांगा, हे केलं कोणी? तुम्ही म्हणता ब्रेक. ब्रेक काय आपोआप बिघडतो?"

"मिस्त्रीनं."

"कुठला मिस्त्री?"

कोर्टात कळेल, म्हणाली. तिचीही जीभ उचलली नाही. बाहेर आल्यावर तिला स्वतःची किळस आली. ही भीड तिच्याही रक्तात आली होती.

वकिलाचा सल्ला होता, गुन्हा कबूल करा, लायसन जाईल, बाकी काही होणार नाही. सरोजनं नकार दिला. लायसन तिला हवं होतं. त्याहून जास्त, पाय चुकला हे तिच्या नावावर लागायला नको होतं, कारण तो चुकला नव्हता. वडिलांना ती म्हणाली, "तुम्हाला बोलावणार आहेत. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी समजावणार नाही."

अलीपूरच्या कोर्टात त्या दिवशी मंडळातले बरेच जण आले होते. मनोहरराव मागच्या बाकावर, इस्त्रीचा कोट घालून. रामधनी कुबडी घेऊन आला होता. तपासनिसानं तेलाचं आणि रबरांचं सांगितलं. मग सर उभे राहिले.

मॅजिस्ट्रेटनं विचारलं, ब्रेक नादुरुस्त आहे याची आपल्याला कल्पना होती का?

सर काहीतरी म्हणाले. ऐकू आलं नाही. पुन्हा विचारलं.

"होती," सर म्हणाले. "मुलीला नव्हती. तिचा पाय चुकला नाही. मी ठाण्यात खोटं सांगितलं."

सरोजनं डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला श्वास पुरा घेता आला.

"मग आपण गाडी कोणाकडून दुरुस्त करून घेतली होती?"

सरांनी मागच्या बाकाकडे पाहिलं. मनोहरराव छताकडे बघत होते.

"त्यांचा काही दोष नाही," सर म्हणाले. "चूक सगळी माझी आहे. लिहून घ्या."

मॅजिस्ट्रेटला उशीर झाला होता. त्यानं लिहून घेतलं. सरोज सुटली. सरांना त्यानं खडे बोल सुनावले, ते सरांनी मान खाली घालून, जवळजवळ समाधानानं, ऐकले. मिस्त्रीचं नाव कुठेच आलं नाही.

बाहेर पायऱ्यांखाली मनोहररावांनी सरांचे दोन्ही हात धरले.

"मानलं सर तुम्हाला. आपला माणूस तो शेवटी आपला माणूस. गाडी सोडवून आणली की माझ्याकडे लावा. ब्रेकचं तेल आलंय आता बाजारात. एक पैसा घेणार नाही."

रेगे म्हणाले, "वा." बायकांपैकी कोणी सरांना पाणी दिलं. सर ओशाळं हसत होते, आणि सरोजला दिसलं की त्यांचे ओठ "असू दे" म्हणायला हललेत.

रामधनी वरच्या पायरीवर, सरोजच्या शेजारी, उभा होता. आत काय झालं ते त्याला अर्धंच कळलं होतं.

"दिदी," त्यानं विचारलं, "बाबूजी म्हणाले चूक त्यांची. मग तेल त्यांनीच घातलं होतं का?"

"नाही."

"मग?"

सरोजनं हात उचलला आणि बोट सरळ मनोहररावांवर धरलं. हिंदीत, सगळ्या पायऱ्यांवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तो. कोटवाला. मनोहर नाचणे. भवानीपूरला गॅरेज आहे, कोणालाही विचार."

"सरू," सर खालून म्हणाले, "असं बोट दाखवू नये."

मनोहररावांनी सरांचे हात सोडले. रेगे बाजूला झाले. बायकाही बाजूला झाल्या, आणि मधे वाट मोकळी झाली. रामधनीनं कुबडी काखेत घट्ट धरली आणि तो एकेक पायरी उतरायला लागला. तो मनोहररावांपाशी पोचेपर्यंत सरोजनं बोट खाली घेतलं नाही.